राखेवरची शाकारणी

माझ्या जावयाला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याची वस्तू नेताना तो विचारत नाही आणि नेल्यावर सांगत नाही. नाव एलेउतेरिओ, पण एवढं मोठं नाव घ्यायला इथे वेळ कुणाला आहे? सगळे तेर्यो म्हणतात. सेबू शहरात पत्र्याखाली वाढलेला माणूस. माझ्या फिनाशी लग्न करून बोहोल बेटाच्या या किनाऱ्यावर आला, त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत त्याने माझी शिडी नेली, कोयता नेला, गेल्या नाताळात तर माझ्या मांडणीची मधली फळी काढून नेली. विचारावं तर उत्तर ठरलेलं, "चर्चसाठी, आई." आता चर्चसाठी नेलेल्या वस्तूबद्दल शिवी तरी कशी द्यायची? मी देते, तो भाग वेगळा.

चर्चमध्ये तो पाहुण्यांना माहिती सांगतो. आमचं चर्च जुनं, पोवळ्याच्या दगडाचं, शेजारी समुद्राकडे तोंड केलेला टेहळणीचा बुरूज. पूर्वी चाचे दिसले की त्या बुरुजावरून शंख फुंकायचे. आता पाहुणे दिसले की तेर्यो फुंकतो. भिंतीच्या चुन्यात म्हणे अंड्यांचं पांढरं कालवलंय. माझ्या लहानपणी ती अंडी हजारभर होती, तेर्योच्या तोंडी दहा लाखांवर गेलीत. उरलेल्या पिवळ्याची आमच्या पणज्यांनी बिस्किटं केली, ती हलकी, बोटाएवढी, ब्रोआस म्हणतात त्यांना. ती अजून घरोघर भाजली जातात, म्हणून लोक बाकीचंही खरं मानतात.

वर, जुन्या पाद्र्यांच्या खोल्यांत, त्याने संग्रहालय मांडलंय. संतांचे विरलेले झगे, गंजलेल्या किल्ल्या, कुठल्याशा हुतात्म्याच्या बोटाचं हाड. आणि त्या हाडाच्या शेजारी, काचेच्या पेटीत, माझं मीठ. पाहिलं त्या दिवशी मी तिथेच त्याला म्हटलं, "अरे, मी अजून चालतेबोलते. माझं मीठ हाडांच्या पंगतीत कशाला बसवलंस?"

"आई, तो वारसा आहे."

"वारसा मेल्यावर मिळतो. आधी मला मरू दे."

पाहुणे हसले. तोही हसला. त्याला बोललेलं लागत नाही असं मी तेव्हा धरून चालले होते.

मीठ आमचं वाळूवर उन्हात पिकणारं नाही. ते चुलीवर, मडक्यात शिजतं. नारळाची सोडणं समुद्राच्या खड्ड्यात सहा महिने मुरवायची, चिरून वाळवायची आणि मग आठ दिवस जाळायची. जाळायची म्हणजे धुमसत ठेवायची. ज्वाळा वर आली की समुद्राचं पाणी शिंपडून तिला खाली बसवायचं. शेवटी उरते ती राख. सगळा समुद्र त्या राखेत असतो. तिच्यातून पुन्हा समुद्राचं पाणी गाळलं की जे ठिबकतं ते इतकं खारट की जिभेला चटका बसतो. ते मडक्यांच्या रांगांत ओतत राहायचं, आटवत राहायचं, मडकं भेगाळेपर्यंत. आत मीठ धोंड्यासारखं घट्ट बसलेलं. गरम भातावर किसून घ्यावं, सोबत कच्चा आंबा, दुसरं काही लागत नाही.

या सगळ्यात नियम एकच. राखेला गोडं पाणी लागता कामा नये. पावसाची एक सर आत मुरली की सहा महिन्यांचं मीठ खालच्या वाळूत जातं. मग राख भांडी घासायला घ्या.

यंदाची रास माझी एकुलती एक होती. मोठ्या वादळाने आमची मिठाची खोप उचलून नेली, खड्डे वाळूने भरले, आणि त्या वर्षाअखेरीस माझा नवरा पोतेन गेला. दोन वर्षं चूल थंड. खड्डे उपसले, खोप उभी केली, छप्पर निम्म्यावरच थांबलं कारण झावळ्या संपल्या. तेवढ्यात फिनाला हाँगकाँगहून बोलावणं आलं, एका घरी कामाला. मुलं सांभाळायची, स्वयंपाक करायचा, दोन वर्षांचा करार. तिच्या स्वतःच्या दोन मुली, एक सात वर्षांची, एक चार.

फेब्रुवारीत ती मला म्हणाली, "आई, यंदा मीठ झालं तर मी राहते. हातात धंदा असेल तर कोण जातंय? पण नाही झालं तर जूनमध्ये जाते. पोरींना तू बघशील ना?"

"बघेन की," मी म्हटलं, आणि सोडणं उलटायला गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं मला. शिवाय मीठ शिकलेली तीच एक होती. ती गेली की माझ्याबरोबर सगळंच संपणार, मग बसा काचेच्या पेटीतलं बघत.

तेरा मेला आग विझली. चौदाला मी आणि फिनाने राख ओढली; छपराखाली चूल आणि लाकडं, म्हणून खोपीच्या उघड्या अर्ध्या भागात तिची रास घातली, फळीने थापली. आत ती अजून निखाऱ्यासारखी गरम होती. ती निवली की मगच गाळायची, त्याला चार दिवस लागतात. तोवर वरून फ्लेक्स घातला. हा फ्लेक्स एका उमेदवाराचा. माणूस पडला, पण प्लास्टिक पक्कं. हसताना त्याचे सगळे दात दिसतात, एकेक दात माझ्या तळहाताएवढा. कडांना दगड ठेवले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी गावची जत्रा, संत इसिद्रोची. हा संत शेतकऱ्यांचा. आतल्या डोंगरातले भातवाले त्याच्याकडे पाऊस मागतात. मी दरवर्षी एक मेणबत्ती जास्त लावते आणि सांगते, "त्यांचं ऐक, पण माझी राख गाळून होऊ दे." इतकी वर्षं त्याने दोघांचंही सांभाळलं. यंदा सकाळपासून हवा पडली होती. डुक्कर भाजणाऱ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. मी दोनदा आभाळाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, फ्लेक्स आहे.

चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग मेणबत्त्या घेतलेल्या बायका, मग फुलांनी मढवलेला संताचा गाडा. मूर्तीचं अंग लाकडाचं, चेहरा हस्तिदंताचा, किती जुनी ते तेर्योला विचारा, तो तुम्हाला हवी तेवढी वर्षं देईल. मी निळा पोशाख घातला होता, पोतेनने घेतलेला. तेर्यो गाड्याच्या दोराला होता. सगळं ठीक चाललं होतं. बुरुजाच्या वळणावर पहिला थेंब माझ्या नाकावर पडला. दुसऱ्या थेंबाला बँडवाल्याने ढोल पोटाशी धरला. आणि मग आभाळच फाटलं.

गाडा थांबला. तेर्यो आणि दोन गडी वर चढले, फुलांखालून काहीतरी गुंडाळी काढली आणि संतावर उलगडली. मी पाहिलं. दात. एकेक दात तळहाताएवढा.

माझ्या हातातली मेणबत्ती कुठे पडली मला आठवत नाही.

"तेर्यो! हे कुठून आणलंस?"

"सांगतो, आई! आधी ही कड धरा!"

"कड? तुझा गळा धरते! माझी राख उघडी टाकून आलास?"

"उघडी नाही हो! ऐकून तर घ्या—"

"नऊ वर्षं ऐकतेय! तोंडाशिवाय आहे काय तुझ्याकडे? शिडी नेलीस, फळी नेलीस, आता माझं घर न्यायला निघालास?"

फादर छत्री सावरत पुढे आले. "पेताबाई, मिरवणूक आहे. शांत व्हा."

"फादर, तुमच्या संताला पाऊस लागला तर रंग जाईल. माझ्या राखेला लागला तर माझी लेक जाईल."

फिना मेणबत्त्यांच्या रांगेत उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा उताराला लागली की तिला लगाम नाही. मी गाड्याखाली उभी राहून, सगळ्या गावासमोर म्हटलं, "तुझी बायको लोकांची उष्टी घासायला परदेशी जाईल ना, तेव्हा तिलाही काचेच्या पेटीत ठेव आणि पाहुण्यांना दाखव. तू माझ्या घरचा नाहीस. कधी नव्हतास."

तो फ्लेक्सची कड दोन्ही हातांनी धरून वर उभा राहिला, पाणी त्याच्या कोपरांवरून वाहत होतं.

मी एका मोटरसायकलवाल्याच्या मागे बसले. म्हणाला, "आजी, भाडं—"

"मेल्या, चालव!"

किनाऱ्याचा रस्ता चिखलाने भरला होता. तो सावकाश जात होता तर मी त्याच्या पाठीवर बुक्क्या घातल्या. आडवी बसले होते, एक चप्पल वाटेत गेली. डोक्यात एकच चित्र, करड्या राशीत भोकं पडतायत, पाणी आत चाललंय, आणि जून महिना, विमानतळ, दोन पोरी माझा झगा धरून उभ्या.

खोपीपाशी पोचले आणि थबकले.

रास झाकलेली होती. निपा म्हणजे आमचा खाजणातला ताड, त्याच्या झावळ्यांची विणलेली पाती, नवी, पिवळट, एकावर एक. कुणीतरी माझ्या राखेला घर शाकारलं होतं.

मी जीव मुठीत धरून आले होते, तो भांड्यात पडला. देवाचं नाव घेतलं. मग जवळ जाऊन पाहिलं. पश्चिमेची बाजू उलटी घातली होती. छप्पर घालताना खालची ओळ आधी घालतात आणि वरची तिच्यावर चढवतात, म्हणजे पाणी पाठीवरून उतरतं. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. इथे वरची ओळ आधी घातलेली आणि खालची तिच्यावर. प्रत्येक ओळीचं तोंड आभाळाकडे उघडं. म्हणजे छप्पर नव्हे, पन्हळ. पाऊस बरोब्बर आत चालला होता.

राशीच्या पायाशी पाणी निघून वाळूत चाललं होतं. करडं पाणी. मी गुडघ्यावर बसले, त्या निळ्या पोशाखात, आणि ओंजळीत घेऊन तोंडात घातलं.

खारट. माझं मीठ होतं ते. चटका बसला जिभेला.

सगळा जन्म मी राखेचं पाणी चाखत आले. कमी खारट लागलं की कपाळाला आठी, जास्त लागलं की हसू. त्या दिवशी पहिल्यांदा खारट लागलं आणि मला हुंदका आला. बसून राहिले थोडा वेळ. पाऊस पडत होता, पडू दिला.

मग मनात आलं, एकाच बाजूचं चाखलंय. उठवेना, म्हणून रांगत दक्षिणेला गेले. तिथेही पाणी निघत होतं, पण त्याचा रंग वेगळा होता, झावळ्या धुतल्यासारखा पिवळसर. चाखलं. गोडं. नळाच्या पाण्यासारखं, पावसाच्या पाण्यासारखं गोडं. माझा विश्वास बसेना. थुंकले, पुन्हा चाखलं. पूर्वेला गेले. गोडं. उत्तरेला गेले. गोडं! वर पाहिलं तर त्या तिन्ही बाजूंच्या ओळी सरळ होत्या, खालची खाली, वरची वर. पाणी पाठीवरून उतरून चाललं होतं, राखेला हातही न लावता.

मी झावळीखाली कोपरापर्यंत हात घातला. कोरडी. गरम. भाकरीसारखी गरम.

तेव्हा कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला वेड लागलं. चिखलात बसून मी हसत होते आणि गटाराचं पाणी पीत होते.

दुसरी मोटरसायकल आली. फिना उतरली, मागून तेर्यो. त्याच्या अंगावर मिरवणुकीचा पांढरा सदरा, खांद्यावर संताच्या गाड्याची दोन झेंडूची फुलं चिकटलेली. तो माझ्याकडे बघेना, राशीकडे बघत होता.

"आई?" फिनाने विचारलं. एवढंच. सगळा जून महिना त्या एका शब्दात होता.

"पश्चिमेची बाजू गेली," मी म्हटलं. "बाकी आहे. वाचलंय."

ती तिथेच खाली बसली. तेर्योने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, तो मला पावसातही ऐकू आला.

मला शब्द सुचायला हवे होते. सुचले ते असे. "उलट्या ओळी कुणी घातल्या?"

"मी."

"आणि सुलट्या?"

"त्याही मीच." तो हळूच म्हणाला. "पश्चिमेची बाजू झाली तेव्हा म्हटलं, बघू तरी पाणी अडतं का. बादलीभर ओतलं. सगळं आत गेलं. तेव्हा कळलं की उलटं झालंय. मग बाकीच्या तिन्ही बाजू खालून वर घातल्या. ही काढून नीट घालणार होतो, तर मिरवणुकीची घंटा झाली. दोराला माणूस कमी होता."

मी ऐकता ऐकता उठून उभी राहिले. "बादली? माझ्या राखेवर बादलीभर पाणी ओतलंस?"

"समुद्राचं ओतलं, आई."

"काय?"

"समुद्राचं. गोडं कसं ओतेन?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "नऊ वर्षं ऐकतोय तुमचं, राखेला गोडं पाणी नको, गोडं पाणी नको. झोपेत सुद्धा बडबडता तुम्ही."

फिना खाली बसल्या बसल्या हसायला लागली. मी तिच्याकडे रागाने पाहिलं, तर तिला आणखी हसू आलं.

"मग फ्लेक्स हलवलासच कशाला?" मी म्हटलं. "याच झावळ्या संताला घालायच्या होत्यास."

"गाड्यावर छप्पर शाकारत बसू का, आई? संत चालता असतो, राख बसलेली असते. चालत्याला फ्लेक्स, बसलेल्याला झावळ्या. सकाळी आभाळ पाहूनच मी ठरवलं."

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर दिला असतात?"

नसता दिला. संत इसिद्रो स्वतः दारात येऊन उभा राहिला असता तरी नसता दिला.

"आणि झावळ्या कुठून आणल्यास? कुणाच्या न विचारता आणल्यास?"

फिनाने डोळे पुसले. "आमच्या, आई. स्वयंपाकघरावरच्या. आत्ता येताना घरावरून आलो. चुलीत पाणी, तांदळाच्या डब्यात पाणी, आणि मांजर टेबलावर बसून आभाळ बघतंय."

मार्चमध्ये शाकारलेलं छप्पर ते. महिनाभर फिना रोज संध्याकाळी पाती विणत होती. ते काढून, हातात वेळ नसताना, येत नसताना, त्याने माझ्या राखेवर घातलं होतं. आणि मी त्याला गाड्याखाली उभी राहून काय म्हटलं होतं, ते तिघांनाही आठवत होतं.

मी म्हटलं, "चूल वाळायला तीन दिवस लागतील. तोवर माझ्याकडे जेवा." मग पश्चिमेची पाती उचकटायला लागले. "उभे काय राहिलात? ही बाजू काढा. खालून वर. तेर्यो, ती ओळ इथे. इथे म्हटलं! देवा, मेंदू आहे की कलामाय?" कलामाय म्हणजे आमच्याकडचा तो काळा चिकट गोड लगदा, करवंटीत भरून विकतात. त्याला ही शिवी नेहमीचीच. त्या दिवशी ती ऐकून त्याचे खांदे जरा सैल झाले.

पाचव्या दिवशी गाळायला घेतलं. पश्चिमेची भिजकी राख फिनाने टोपल्यांनी वेगळी काढून फेकली, पाचातला एक वाटा गेला. उरलेल्या राखेतून पहिलं पाणी लाकडी पन्हळीत ठिबकलं तेव्हा मी बोट लावलं, फिनाने लावलं, आणि तेर्योने आपणहून लावलं. त्याचा चेहरा असा वाकडा झाला की मला चाखायचीही गरज नव्हती.

मडकी घेऊन लारिंग आली. लारिंग आमची कुंभारीण, माझ्याच वयाची, माझ्याच तोंडाची. मडकी उतरवता उतरवता म्हणाली, "पेता, गावात बोलतात, तू मिरवणुकीत संताला शिव्या दिल्यास."

"संताला नाही. जावयाला."

"एकाच फ्लेक्सखाली होते की दोघं. कुणाला कुठली लागली, लोकांना काय कळतंय?" मग तिने खोपीच्या टोकाला पाहिलं. तेर्यो चुलीत लाकडं सारत होता, तोंड काळं, भुवया जळालेल्या. "काही म्हण, खाल्ल्या मिठाला जागला पोरगा."

"म्हणी ऐकवू नकोस. मडकी नीट ठेव, दोन फुटकी आहेत."

"फुटकी नाहीत, तुझ्या जिभेने तडकली."

दोन दिवस मडकी चुलीवर होती. आटलं की ओतायचं, आटलं की ओतायचं. तिसऱ्या सकाळी पहिलं मडकं उतरवलं, गार होऊ दिलं, खालची खापरी काढली. मीठ पांढरं, कडेला किंचित करडं, वाजवलं तर दगडासारखं वाजणारं. फिनाने ते मांडीवर घेतलं, बाळ घेतात तसं. मग कपड्याला हात पुसून फोन काढला आणि बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलली. लांबून मला एवढंच ऐकू आलं, "नाही बाई, येत नाही. हो, नक्की. दुसरी बघा."

आत आली आणि ओगराळं उचलून पुढच्या मडक्यात पाणी ओतायला लागली. मी पाठ केली. लाकडांत काही शोधतेय असं दाखवलं. बराच वेळ सापडेना.

ती मागूनच म्हणाली, "आई, एक राहिलंय."

"काय?"

"ते माहितेय तुला. सगळ्या गावासमोर बोललीस. आता सगळ्या गावासमोर बोल."

"घरी बोलते की त्याच्याशी."

"घरी तू त्याला जास्तीचा मासा वाढतेस आणि म्हणतेस, उरला होता. ते चालायचं नाही."

पोरगी माझ्यावर गेली आहे, हीच अडचण.

रविवारी मिस्सा सुटली. चर्चच्या पायऱ्यांवर नेहमीसारखी गर्दी, बिस्किटवाल्या, उन्हासाठी छत्र्या, फादर सगळ्यांचे हात हातात घेतायत. तेर्यो बुरुजाच्या सावलीत मनिलाहून आलेल्या आठ-दहा पाहुण्यांना घेऊन उभा होता. भुवया अजून अर्ध्याच. मला येताना पाहिलं आणि बोलता बोलता थांबला. लारिंगने कोपराने शेजारणीला ढोसलं. मग सगळ्यांनीच माना वळवल्या. बरं झालं, मला हाका माराव्या लागल्या नाहीत.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "आई, आज काही नेलं नाही मी, खरंच."

"गप्प बस. मी बोलतेय. फादर, तुम्हीही ऐका, तेव्हाही ऐकलं होतंत." मी घसा साफ केला. पाहुण्यांपैकी एकाने फोन वर धरला, मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने खाली घेतला. "तेर्यो, तू चोर आहेस. मला न विचारता माझी वस्तू नेलीस. कारागीर म्हणून तर तुझ्याइतका वाईट माणूस या किनाऱ्यावर नाही, एक बाजू उलटी घातलीस आणि माझं पाचव्या हिश्शाचं मीठ घालवलंस. हे दोन्ही मी मागे घेत नाही. पण आपल्या चुलीवरचं छप्पर काढून माझ्या राखेवर घातलंस, आणि मी शिव्या देत होते तेव्हा 'मी झाकलंय' म्हणून ओरडून मला खोटं पाडायच्या ऐवजी संताला धरून उभा राहिलास. मी म्हटलं होतं, तू माझ्या घरचा नाहीस. ते खोटं होतं. तू माझ्या घरचा आहेस, आणि माझ्या पश्चात खोप तुझी आणि फिनाची, दोघांची. आता रडू नकोस, लोक बघतायत."